नऊ दारांपलीकडची सखुबाई

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही सुरतेत, गोडादऱ्याच्या एका गल्लीत उभे आहात. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या बायका आपापल्या उंबऱ्यावर बसूनच एकमेकींना मिठाची वाटी देतात. जवळच्या शेडमधून कापड विणणाऱ्या मागांचा खटखटाट येतो आहे. तुम्हाला तो नको नको होईल, पण इथल्या माणसांना त्याची एवढी सवय, की वीज गेली आणि माग थांबले तर पाळण्यातली बाळं दचकून जागी होतात.

आता गल्लीतल्या तिसऱ्या घरात डोकावा. खाटेवर पाच वर्षांचा एक मुलगा बसला आहे आणि दहा वर्षांची त्याची बहीण त्याच्या पायांत मोजे घालते आहे. मुलगा ललित. बहीण धनश्री, घरात सगळे तिला धनू म्हणतात. मोजे घालताना ललितने पाय उचलायला हवा, नाही का? पण तो उचलत नाही. त्याला उचलताच येत नाही.

दोन महिन्यांपूर्वी ललितला ताप आला होता. चार दिवसांनी ताप गेला आणि जाताना पायांतली शक्ती घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "नसा अशक्त झाल्यात," ते म्हणाले. "औषध आणि मालिश चालू ठेवा. पण कधी चालेल, चालेल की नाही, ते आज मी सांगू शकत नाही."

त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न होता. ललित चालेल ना? धनूचा बाप सुकदेव मागावरून घरी आला की चप्पल काढायच्या आधी खाटेकडे बघे. आई, जयश्री, सकाळ-संध्याकाळ तेलाने मालिश करी आणि तोंड वळवून डोळे पुशी.

हे कुटुंब नंदुरबारकडचं, आजोबांच्या काळापासून येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणारं. गोडादऱ्यात त्यांची ख्रिस्ती मंडळी लहानशीच, पंधरा-वीस घरांची. दर रविवारी एका दुकानाच्या वरच्या खोलीत उपासना होई. काशिनाथ पाळक मोठ्यांना उपदेश करत आणि उपासना संपली की मुलांना गोष्टी सांगत.

याच मंडळीत सखुबाई होती. साठी ओलांडलेली, एकटीच राहणारी. भरतकाम झालेल्या साड्यांच्या मागे लोंबणारे धागे कापायचं काम ती घरी बसून करी. त्यामुळे तिच्या केसांत, कोपरांवर, पदरावर कायम रंगीत धागे चिकटलेले. ललित आजारी पडल्यापासून रोज संध्याकाळी ती साड्यांचा गठ्ठा बांधून ठेवी आणि सुकदेवच्या घरी येई. खाटेजवळ खाली बसायची, ललितच्या पायांवर हात ठेवायची, आपल्या अहिराणीत दहा मिनिटं प्रार्थना करायची आणि उठून जायची.

तिच्यासाठी कुणी काही थांबवत नसे. जयश्री भाकरी थापत राही. सुकदेव मोबाइल बघे. टीव्हीचा आवाज तेवढा कमी होई, बंद होत नसे. लहानपणापासून बघितलेली बाई, तिचं काय एवढं! गल्लीतली पोरंसुद्धा तिला आजी म्हणत नसत. सगळ्यांची ती नुसती सखुबाई.

आणि धनू? धनू तिची नक्कल करी. ओट्यावर पोरं जमली की ती डोक्यावरून ओढणी घेई, कमरेत वाकून डुलत डुलत चाले आणि हेल काढून म्हणे, "ओ परभू, मन्हा लेकरूकडे ध्यान दे रे बाप्पा!" सुमन नावाची तिची मैत्रीण तर हसून हसून जमिनीवर बसे. "अजून एकदा, धनू, अजून एकदा!"

एका रविवारी काशिनाथ पाळकांनी मुलांना येशूची गोष्ट सांगितली. येशू गावोगावी आजाऱ्यांना बरं करत फिरला आणि मग स्वतःच्या गावी आला. तिथले लोक म्हणाले, "हा? हा तर आपला सुतार! याची आई इथेच राहते, भाऊबहिणी इथेच आहेत. हा काय मोठा लागून गेला?" त्यांनी त्याला मान दिला नाही, त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणून त्या गावात, थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं करण्यापलीकडे मोठं काही झालं नाही.

"कसले वेडे लोक!" धनू पटकन म्हणाली. "देव दारात आला आणि यांना कळलंच नाही!"

"शाबास," पाळक म्हणाले. धनू दिवसभर खुशीत होती.

त्याच आठवड्यात बातमी आली. कामरेजला तीन दिवसांच्या सभा होत्या आणि दुरून एक मोठे प्रवचनकार येणार होते. त्यांच्या प्रार्थनेने कितीतरी लोक बरे झाले, असं सगळे सांगत. काशिनाथ पाळकांनी त्यांना ललितबद्दल कळवलं आणि ते म्हणाले, शनिवारी संध्याकाळी पुढच्या गावी जाताना येऊन जाईन.

मग काय विचारता! सुकदेवने कामाची पाळी बदलून घेतली. जयश्रीने भिंती पुसल्या, टीव्हीवर चादर टाकली. घरात धड खुर्ची नव्हती, म्हणून धनू शेजारच्या मगनकाकांकडे गेली. "काका, एक खुर्ची द्याल? आमच्याकडे मोठे पाहुणे येणार आहेत."

"अरे बेटा, खुरशी शुं, सोफा लई जाव!" मगनकाका म्हणाले आणि स्वतः खुर्ची उचलून घेऊन आले. जयश्रीने तिच्यावर न वापरलेला नवा टॉवेल अंथरला. शेजारी थंड पाण्याची बाटली ठेवली.

संध्याकाळ झाली आणि दारात आली कोण? सखुबाई. रोजच्या वेळी, रोजच्यासारखी, केसांत हिरवे-गुलाबी धागे.

जयश्री लगबगीने दाराशी गेली. "मावशी, आज राहू द्या हं. पाहुणे येतायत. घर आत्ताच झाडलंय, आणि तुमच्या अंगावरचे धागे सगळीकडे पडतात."

सखुबाईने आतल्या खुर्चीकडे बघितलं, मग ललितकडे. "मोठा माणूस येई ऱ्हायना, बरंच से," ती म्हणाली. "मी घरूनच प्रार्थना करसू." आणि वळून डुलत डुलत निघून गेली.

दाराशी उभ्या असलेल्या सुमनने धनूला कोपर मारलं. पण का कोण जाणे, त्या वेळी धनूला हसू आलं नाही.

सहा वाजले, सात वाजले. काशिनाथ पाळक आले आणि वाट बघत बसले. साडेसातला त्यांचा फोन वाजला. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता.

"सभा लांबली," फोन ठेवून ते म्हणाले. "त्यांना परस्पर पुढं जावं लागलं. माफी मागितली त्यांनी."

जयश्रीने पदर तोंडाला लावला. ललितने विचारलं, "मग मी आता चालणार नाही?"

"अजून एक म्हणाले ते," पाळक सावकाश म्हणाले. "म्हणाले, मी नाही आलो म्हणून अडत नाही. प्रभू तोच आहे. तुमच्या मंडळीत या मुलासाठी रोज प्रार्थना करणारं कुणी असेल, तर त्यांना मानाने बोलवा आणि विश्वासाने मागा."

रोज कोण येतं, ते प्रत्येकाला ठाऊक होतं. एकमेकांकडे बघायचं मात्र सगळ्यांनीच टाळलं.

धनूला रविवारची गोष्ट आठवली. कसले वेडे लोक, असं आपणच म्हणालो होतो ना? ते वेडे लोक म्हणजे आपणच की. आपलं घर, आपली गल्ली. आणि सगळ्यांत जास्त मी.

ती उठली.

"कुठं चाललीस?" सुकदेवने विचारलं.

"बोलवायला."

सखुबाईचं घर नऊ दारं सोडून होतं. दार लोटलेलं होतं. धनूने हळूच ढकललं. साड्यांच्या गठ्ठ्याजवळ, दाराकडे पाठ करून, सखुबाई गुडघ्यांवर होती आणि ललितचं नाव घेत होती. घरूनच करसू म्हणाली होती, तशी करत होती.

"आजी," धनू म्हणाली. हा शब्द तिने सखुबाईसाठी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला होता.

सखुबाई वळली. "काय व्हयनं, पोरी? पाहुणा उना का?"

"नाही आले. आजी, तुम्ही चला. पण त्याआधी मला काहीतरी सांगायचंय." धनूचा आवाज बारीक झाला. "मी तुमची नक्कल करते. ओट्यावर. सगळ्यांसमोर. तुमच्या प्रार्थनेचीपण."

"माले माहीत से."

"माहीत आहे?"

"गल्ली केवढीशी से! समदं ऐकू येस माले." सखुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "नक्कल चांगली करस तू. फक्त प्रभूनं नाव लेताना घाई करस. ते नाव सावकाश लेवानं."

धनूला एकदम रडू फुटलं आणि रडता रडता हसूही आलं. सखुबाईने पदराने तिचं नाक पुसलं, त्यामुळे नाकाला एक गुलाबी धागा चिकटला. मग दोघी निघाल्या.

सखुबाई दारात आली, तेव्हा सुकदेव उठून उभा राहिला. पाळकही उठले. जयश्रीने तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, चुकलं माझं. मी तुम्हाला दारातून परत पाठवलं. या, खुर्चीवर बसा."

"खुर्ची उंच से व माय," सखुबाई म्हणाली. "पोऱ्याना पाय खाले सेत."

ती नेहमीसारखी खाली बसली. मग जयश्री तिच्या शेजारी खाली बसली, सुकदेव बसला, काशिनाथ पाळकही मांडी घालून बसले. खुर्ची रिकामीच राहिली आणि कुणाला तिची आठवणही झाली नाही.

सखुबाईने ललितच्या पायांवर हात ठेवला. प्रार्थना रोजचीच होती, एका शब्दानेही मोठी नाही. या वेळी मात्र प्रत्येक शब्दाबरोबर सगळे होते. "प्रभू येशू, हाई लेकरू तुनं से," ती म्हणाली आणि धनूने मनात म्हटलं, हो, तुझंच आहे, आणि तू त्याला उठवू शकतोस. शेवटी पाच जणांचं 'आमेन' एकदम उमटलं आणि सहावं ललितचं, जरा उशिरा.

त्या क्षणी काही झालं नाही. पाय तसेच होते.

"मावशी," जयश्रीने घाबरत विचारलं, "इतके दिवस आमच्यामुळे अडलं होतं का?"

"देव रुसत नही व माय," सखुबाई म्हणाली. "नळले पाणी रोज येस. पण हंडा उपडा ऱ्हायना तर कसा भरी? आज तुम्ही हंडा सरळ केला, एवढंच. आणि या लेकरूनं काही चुकनं नही, ध्यानमा ठेवा. औषध बंद करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयश्री मालिश करत होती. तळव्यावर अंगठा फिरला आणि ललित ओरडला, "आई, नको ना! गुदगुल्या होतात!"

जयश्रीचा हात थांबला. दोन महिन्यांत त्या पायांना काहीच जाणवलं नव्हतं. तिने पुन्हा बोट फिरवलं. पायाची बोटं आखडली, अगदी स्पष्ट आखडली. ती तेलकट हातांनीच जमिनीवर बसली आणि देवाचे आभार मानू लागली, एकामागून एक, वाक्यं पुरी न करता.

पाचव्या दिवशी ललित खाटेला धरून उभा राहिला. जयश्री तशीच पळत सुकदेवच्या शेडच्या दाराशी गेली. आत मागांचा एवढा आवाज, की कानाशी ओरडलं तरी कळू नये. पण मागावरचे कामगार ओठांवरून बोलणं ओळखतात. तिने दारातूनच आवाज न करता ओठ हलवले, "उभा राहिला!" सुकदेवने ते वाचलं. आजूबाजूच्या चार मागवाल्यांनीही वाचलं आणि सगळ्यांनी हात वर केले. सुकदेवने डोळ्यांवर बाही धरली. "देवा, तुझे उपकार," असं तो म्हणाला आणि तेही सगळ्यांनी वाचलं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली. पाय उडाला, तसे तेही हसले. "फारच लवकर सुधारतोय. मालिश सोडू नका."

"नाही सोडणार, साहेब," सुकदेव म्हणाला. "प्रार्थनाही नाही सोडणार."

"नकाच सोडू," डॉक्टर म्हणाले.

दोन आठवड्यांनी एका सकाळी धनूने ललितच्या पायांत चप्पल घातली. या वेळी पाय त्याने स्वतः उचलला. "चल," ती म्हणाली, "आपल्याला आभार मानायला जायचंय."

मगनकाका उचलून घ्यायला धावले, पण ललितने मान हलवली. एक दार, दोन दारं. तो थांबे, धनूही थांबे. ओट्यावरची पोरं बघत राहिली. सुमनने हळूच विचारलं, "कुणी बरं केलं गं याला?" धनू सावकाश म्हणाली, "प्रभू येशूनं," आणि पुढं चालू लागली.

सखुबाईने दार उघडलं आणि ललितला स्वतःच्या पायांवर उभा बघून तिथेच खाली बसली. बराच वेळ ती त्याचे पाय नुसते कुरवाळत राहिली. तेव्हा धनूला तिचे हात जवळून दिसले. कात्री चालवून चालवून उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं सुजली होती, नीट मिटतही नव्हती.

"आजी, हे कधीपासून?"

"व्हयना वरीस-दीड वरीस."

"मग तुमच्यासाठी कोण प्रार्थना करतं?"

सखुबाई हसली. "माले कोण इचारस, पोरी?"

धनू तिच्यासमोर खाली बसली. ललितलाही तिने शेजारी बसवलं. तो सुजलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि प्रभूचं नाव घेऊन सखुआजीसाठी मागायला सुरुवात केली.