मास्तरांच्या गळ्यातली टेप

मी एक जुनी टेप आहे, शिंप्याची. मित्रांनो, माझे आकडे आता पुसट झालेत आणि एका टोकाचा पत्रा कधीच निघून गेलाय. पण तीस वर्षं मी मास्तरांच्या गळ्यात होते. छाती, कंबर, बाही मोजायची, मग कापायच्या टेबलावर उतरून त्याच मापाने कापडावर खुणा करायच्या, की पुन्हा गळ्यात. "मास्तरांचा हात म्हणजे हात!" असं गिऱ्हाईक म्हणालं की मांस नसूनही माझ्या अंगावर मूठभर चढायचं.

मग सूनबाईने कौतुकाने एक नवी टेप आणली. तिचं मन मोडू नये म्हणून मास्तर कापायला ती वापरू लागले. माप घ्यायला मात्र सवयीने मीच. आणि तिथून सगळं बिनसलं. बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याने नवा कोट घालून पहिल्या सुरासाठी श्वास भरला, तर बटण उडून समोरच्या पाहुण्याच्या कपाळावर! त्या आठवड्यातला हा तिसरा तंग कपडा होता.

मला कळलं होतं. नव्या टेपशेजारी पडले होते तेव्हाच दिसलं, की ओढून ओढून मी चांगली इंचभर सैलावले आहे. चाळीसची छाती मी एकोणचाळीस सांगत होते. मोजायला आणि कापायला मीच होते तोवर चूक चुकीला खाऊन टाकायची आणि कपडा बेतशीर बसायचा.

शनिवारी मास्तरांची नात इस्त्रीच्या टेबलाशी बसून शाळेचा निबंध लिहीत होती.

"आजोबा, तुम्हाला एखादी अद्भुत शक्ती मिळाली, तर कोणती मागाल?"

मास्तर कात्री फडक्यात गुंडाळत होते. "माझे जुने हात मागेन. हे हात आता दगा देतात गं. सोमवारपासून दुकान बंद."

मग मीही शक्ती निवडायला बसले. उडून काय करू? जन्मभर लोंबकळलेच आहे. मला वाचा हवी होती, एका वाक्यापुरती. 'मास्तर, खोट हातात नाही, माझ्यात आहे.' पण मी हे बोलले की माझी रवानगी चिंध्यांच्या पोत्यात! बरं, आखडून पहिल्यासारखी होण्याची शक्ती मागावी, तर वहीत लिहिलेली गिऱ्हाइकांची तीस वर्षांची मापं कुणाशी जुळणार? इकडे आड, तिकडे विहीर. मास्तरांना वाचवू की स्वतःला? खरं सांगते, मी ठरवू शकले नाही. त्याची लाज अजून वाटते.

तेवढ्यात नातीने नवी टेप दाराच्या चौकटीला लावून स्वतःची उंची मोजली. मग मास्तरांच्या गळ्यातून मला ओढलं आणि पुन्हा मोजली.

"आजोबा, या टेपने मी चार फूट भरते आणि तुमच्या टेपने इंचभर कमी! मी आखडले का?"

मास्तरांनी आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ताणून धरलं. एकेक आकडा जुळवून पाहिला. मग असे हसले, की सूनबाई आतून धावत आली.

"अगं, माझे हात शाबूत आहेत!" ते म्हणाले आणि कात्री फडक्यातून बाहेर आली.

दुकान चालू आहे. गळ्यात आता नवी टेप असते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मी पोत्यात गेले नाही. मित्रांनो, तुमच्याही घरातलं जुनं काही टाकण्याआधी एकदा नव्याशेजारी ठेवून नीट बघा. कुणाचं काय बिघडलंय ते कळेल, आणि भलत्यालाच दोष जाणार नाही.

मी दाराजवळच्या खिळ्यावर असते. चौकटीवर नातीच्या उंचीच्या खुणांशेजारचे आकडे माझ्या मापाचे आहेत, म्हणून दरवर्षी तिला मीच मोजते. नात नव्या टेपसाठी हट्ट धरते, पण मास्तर ऐकत नाहीत. माझ्या मापाने ती अजून इंचभर लहान असते. ही माझी शक्ती म्हणायची की खोट, मला कळत नाही. मास्तर मात्र तो आकडा हसून दोनदा वाचतात.