खापरीला किती तारे

फोनवर शिवरंजनी मॅडमनी तिसऱ्यांदा "सॉरी" म्हटलं, तेव्हा नंदीशला कळून चुकलं की आता काही व्हायचं नाही. पुण्याची त्यांची कंपनी त्याचा मोबाइल गेम देशभर नेणार होती, त्यालाही नोकरीला घेणार होती. अट एकच होती. महिनाभरात खेळणाऱ्यांकडून पाचापैकी किमान चार तारे मिळायला हवेत. आज महिना भरला आणि तारे होते दीड.

तेर गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरता भरता नंदीशनं चार वर्षं खपून 'खापरी' बनवली होती. नांगराखाली निघालेले जुने तुकडे वेचायचे आणि जोडून रांजण उभा करायचा, एवढाच खेळ. एका नावाजलेल्या समीक्षकानं त्याला दहापैकी नऊ गुण दिले होते. ते नऊ त्यानं मॅडमना पुन्हा ऐकवले. त्या म्हणाल्या, समीक्षण आम्ही आवडीनं वाचतो, पण वरचे साहेब फक्त तारे बघतात.

गेल्या आठवड्यापर्यंत साडेचार होते. चार दिवसांत गडगडले. गावातल्याच कुणीतरी जळून डाव साधला, असं समजून नंदीश गावावर मनातल्या मनात दात खात होता, आणि धास्तीनं अभिप्राय उघडत नव्हता. आता गमवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून उघडले. एक तारा, खाली लिहिलेलं, 'एक नंबर गेम'. पुन्हा एक तारा, 'लई भारी, गावाचं नाव काढलं'. सगळी नावं ओळखीची होती, तेरची आणि बेंबळीच्या सोयऱ्यांची.

तेवढ्यात किराणावाले शिवशंकरअण्णा आले, मागून नंदीशची आई नागूबाई. अण्णांनी चार दिवस दुकान बंद ठेवून, घरोघर उन्हात हिंडून लोकांकडून तारे दाबून घेतले होते.

"अण्णा, कितवा तारा दाबायला सांगितला तुम्ही?"

"पयलाच की. एक नंबर म्हंजे पयला. पाचवा नंबर कुनाला पायजे? कुनी पाचव्याकडं बोट न्हेलं की म्या हात धरायचो."

नंदीशला हसावं की रडावं कळेना. बाहेर जाऊन त्यानं मॅडमना परत फोन लावला आणि झालेला घोळ सांगितला. त्या हळूच म्हणाल्या, अख्ख्या गावानं एका दिवसात तारे बदलले तर लबाडीच वाटेल, आणि निर्णय तर वर गेलासुद्धा. वैऱ्याशी दोन हात करता येतात. या मायेशी कसं भांडायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तो आत आला. पुण्याची बाई काय म्हणाली, असं आईनं विचारलं. कळवतील, म्हणाला.

"कळवतील की," अण्णा म्हणाले. "पर नागूबाई, तुमचा तेवढा राहिलाय."

आईला फोनवरचं बारीक दिसत नव्हतं. तिनं पदराला बोट पुसलं आणि नंदीशपुढं धरलं. "ठेव बाबा बरूबर जागी."

त्यानं तिचं बोट हातात घेतलं. पाचव्यावर ठेवलं असतं तरी तिला समजलं नसतं. पण अण्णा मान पुढं काढून बघत होते, आणि त्यांचा चेहरा उन्हानं पार करपला होता. नंदीशनं बोट पहिल्या ताऱ्यावर टेकवलं.

"उमटला का रे?"

"उमटला, आई."