उलटेकाकांची पायरी

चुनखडीच्या गुहेत गाईड असताना ते सगळी फेरी लोकांकडे तोंड करून, म्हणजे उलटं चालत पुरी करायचे, म्हणून उलटेकाका हे नाव त्यांना चिकटलं. लोकांकडे पाठ करून बोलायचं तर भिंतीशीच बोलावं, असं त्यांचं मत. घरी काही बिनसलं की बायको म्हणायची, "नुसते पाय नाहीत, यांचं डोकंही उलटंच चालतं."

आता ते निवृत्त होते, आणि नूतनीकरण होऊन उघडलेल्या त्याच गुहेत त्यांची लेक गाईड होऊ बघत होती. आज तिची परीक्षेची फेरी. व्यवस्थापक बाई स्वतः सोबत असणार. त्यांच्या पसंतीला उतरली तर नोकरी पक्की. "बाबा, तिकीट काढून या हवं तर, पण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही," लेकीनं बजावलं होतं. "मी कशाला बोलतोय?" असं म्हणून ते आले होते खरे, पण गप्प बसणं त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं.

आत शिरताच त्यांनी नाक मुरडलं. त्यांच्या वेळचे लाल-हिरवे दिवे जाऊन साधा पांढरा उजेड आला होता. ओल्या दगडांवरून लोखंडी जाळीची वाट टाकली होती, दोन्ही बाजूंना कठडे. दिव्यांभोवतीचं शेवाळ खरवडून काढल्यामुळे छताचे सुळके नुकत्याच न्हाऊन आलेल्या पोरांसारखे दिसत होते. हे त्यांना मनातून आवडलं, पण कबूल कोण करणार?

लेक लोकांकडे वळली आणि उलटी चालू लागली. लहानपणी घरी खुर्च्या आडव्यातिडव्या मांडून त्यांनीच तिला ते शिकवलं होतं. बाईंच्या कपाळावर आठी पडली, तसे उलटेकाका लोकांमधून वाट काढत पुढे सरकले. पाणी झिरपतं, चुना सोबत आणतं, थेंबामागे कणभर ठेवून जातं, असं लेक सांगत होती. त्यांच्या काळी इथल्या सुळक्यांच्या आकारांत हत्ती होता, राजा होता, राजाची रुसलेली राणी होती. लेकीनं सगळ्यांना हाकलून दिलं होतं, आणि तरी माणसं कान टवकारून ऐकत होती. उलटेकाकांची छाती अभिमानानं फुगली.

अरुंद वळण आलं आणि त्यांना आठवलं. वळणाला लागूनच पायरी. भल्याभल्यांना तोंडघशी पाडणारी. पोरगी बोलण्याच्या भरात मागे सरकतेय!

"पायरी!" ते ओरडले आणि हात पसरून धावले.

सगळे जागच्या जागी थिजले. एका आईनं मुलीला झटकन कडेवर घेतलं. लेकीनं खाली पाहिलं. जाळी सपाट होती. पायरी कधीच तिच्याखाली गेली होती.

"कोण ओरडलं?" बाईंनी विचारलं.

पोरीच्या नोकरीवर आपणच पाणी फिरवलं, या विचारानं उलटेकाका घाईनं पुढे झाले. "मी, मॅडम. साधा पर्यटक. यात या मुलीचा काही दोष नाही. मी हिला ओळखतसुद्धा नाही."

लेकीचा चेहरा उतरला. मग ती सरळ बाईंकडे बघून म्हणाली, "माझे बाबा आहेत. उलटं चालायला यांनीच शिकवलं. इथे पूर्वी पायरी होती, ती आता नाही. चला, पुढे जाऊ." आणि थेंबाची गोष्ट तिनं अडली होती तिथूनच पुढे सुरू केली.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "उद्यापासून कामावर या. वडिलांना मात्र घरी ठेवा."

त्या गेल्यावर लेक वळली. डोळे भरलेले. "ओळखत नाही म्हणालात, बाबा?"

"तुझ्या नोकरीसाठी गं."

"नोकरी दुसरी मिळाली असती." तिनं नाक पुसलं. "आणि ओरडलात कशाला? मी रोज सराव करतेय इथे."

"पडशील असं वाटलं."

"पण पडले नाही ना?"

"नाही पडलीस." उलटेकाकांनी गुहेच्या तोंडाकडे पाहिलं. "पायरी असती तर बरं झालं असतं, माझं ओरडणं तरी कामी आलं असतं, असं आलं गं माझ्या मनात," ते म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून त्यांनी मान खाली घातली.