पिवळी अक्षरं

"ओ काटेवाले, आकडा सांगा की! बैलं ताटकळली!" तात्याबा उसाच्या गाडीवरूनच ओरडला.

जयसिंग पडद्याला नाक लावून बसला होता. पांढऱ्यावर फिकट निळे आकडे. आठ का तीन, काही केल्या ठरेना. डोळ्यांना धार लागलेली. शेवटी तीन म्हणाला. ते आठ होतं. गाडी परत काट्यावर घ्यावी लागली आणि मागची सगळी रांग त्याच्या नावानं बोंबलली.

शिरूर-दौंड रस्त्यालगतच्या त्या साखर कारखान्यात जयसिंगनं कित्येक हंगाम वजनकाटा सांभाळला होता. मध्यंतरी डोळ्यांचं दुखणं झालं आणि तेव्हापासून पांढरा उजेड त्याला मिरचीसारखा झोंबायचा. पण जुन्या प्रोग्रॅममध्ये रंग बदलता येत. काळ्या पडद्यावर ठसठशीत पिवळी अक्षरं लावून त्याचं निभत होतं. यंदा नवा प्रोग्रॅम आला आणि ती सोयच गेली.

तो तडक कॉम्प्युटर विभागात प्रतिभा मॅडमकडे गेला.

"जयसिंगराव, मागच्या हंगामात दुसऱ्या पाळीच्या कोंडिबानं लालावर हिरवी अक्षरं लावली. पाळी बदलली, पुढच्याला काही दिसेना, काट्यावर मारामारी झाली. म्हणून आता सगळ्यांना एकच रंग."

"कोंडिबाला हौस हुती मॅडम. मला हौस न्हाई, मला दिसत न्हाई!"

"प्रोग्रॅमच्या कंपनीला कळवते," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी कळवलंही.

जयसिंगनं पडद्याचा उजेड कमी केला, तर आकडे आणखी पुसट व्हायचे आणि पुढच्या पाळीला कोंडिबा शिव्या देत वाढवायचा. काळा चष्मा घातला, तर गाडीवान 'हिरो' म्हणून हाका मारायचे. पुन्हा दोनदा आकडा चुकला, तेव्हा तो स्वतःच मॅनेजरसमोर उभा राहिला.

"माझ्यापायी कुणाचं वजन मारलं जायला नगं. मला गेटवर टाका."

हंगाम सरत आला तेव्हा मॅडमचा निरोप आला, रंग परत आलेत. जयसिंग गेटवरून जवळजवळ पळतच काट्यावर पोचला. मॅडम तिथंच उभ्या होत्या. कोंडिबानं खुर्ची सोडली. जयसिंगनं एकेक रंग लावून बघितला: गुलाबी, आकाशी, पोपटी, एकात तर कोपऱ्यात कमळ. पण सगळ्यांच्या मधोमध तोच पांढरा चौकोन, तीच बारीक अक्षरं.

"चेअरमनसाहेबांना पडदा भुंडा वाटला म्हनं," कोंडिबा म्हणाला. "तवा कुठं कंपनी हालली."

"आन् काळा?"

"काळा कुणी मागत नाही, असं कंपनीचं म्हणणं," मॅडम हळूच बोलल्या.

"मी मागितला हुता की."

जयसिंग उठला, खुर्ची कोंडिबाकडे सरकवली आणि उन्हातून गेटकडे चालू लागला.

भांडगावचा एक ट्रॅक्टर आडव्या दांड्यापाशी खोळंबला होता. जयसिंगनं उन्हात चकाकणाऱ्या पांढऱ्या नंबरप्लेटकडे बघितलं, पुढं होऊन पुन्हा बघितलं.

"दादा, नंबर तेवढा तुम्हीच बोला."

पोरसवदा ड्रायव्हर हसला नाही. एकेक आकडा सावकाश, मोठ्यानं सांगत गेला. जयसिंगनं नंबर पुटपुटत मनाशी धरला आणि दांडा वर केला.