धुराचा विषय पुढच्या सभेत

ऐन तुफ्फाह नावाच्या गावात उन्हाळा सरला की गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय राहत नसे. गावाबाहेर कोरड्या नदीच्या काठी नगरपालिका कचरा टाकायची. तिथे कुणीतरी आग लावायचं आणि वारा फिरला की सगळा धूर थेट जुन्या मोहल्ल्यावर उतरायचा. पांढऱ्या चादरींवर काळे ठिपके पडत. बायका त्या पुन्हा धुवत आणि नगरपालिकेचा उद्धार करत.

या कामात सगळ्यात पुढे होते सी जिलाली; 'सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. मोहल्ल्यातला हमाम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, त्यांचा, वडिलांपासून चालत आलेला. पुरुषांची बाजू ते बघत, बायकांची बाजू त्यांची बायको शामा. संध्याकाळची नमाज झाली की ते चौकातल्या कॅफेत जाऊन बसत आणि कॉफीचा पहिला घोट पोटात गेला की नगराध्यक्षांपासून सुरुवात करत. यांना आपण निवडून दिलं ते खुर्ची उबवायला, यांच्या बायकांचे कपडे बहुतेक फेस शहरात जाऊन वाळतात, असं बरंच काही. ऐकणारे हसत, ग्लास रिकामे होत आणि ज्याचा तो घरी जाई. आपल्याकडेही बहुतेक नागरिकांचं सार्वजनिक कार्य इतपतच असतं.

एका संध्याकाळी लल्ला झहूर कॅफेसमोर थांबल्या. मुलींच्या शाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून सगळे त्यांना आदराने 'लल्ला', म्हणजे 'बाई', म्हणत. जिलालींच्या दोन्ही मुली त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. नगरपालिकेची खुली सभा त्या कधी चुकवत नसत. हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन त्यांनी जिलालींचं सगळं भाषण ऐकून घेतलं.

"सी जिलाली, हे तुम्ही कुणाला सांगताय?"

"सगळ्यांनाच सांगतोय, लल्ला. ऐकतंय कोण?"

"कॅफेवाला ऐकतो. पण कचऱ्याचा ठराव काही त्याच्या हातात नाही. गुरुवारी सभा आहे, विषय कचऱ्याचाच आहे. या."

सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत म्हटल्यावर जिलालींनी छाती पुढे काढली आणि एकेकाला चांगलं सुनावतोच, म्हणाले. तेव्हा लल्लांनी सांगितलं की लोकांना तिथे बोलता येत नाही, मागच्या बाकावर गप्प बसायचं असतं.

"मग येऊन करू काय?"

"त्यांना दिसा. एवढंच करा."

गुरुवारी जिलाली ठेवणीतला पायघोळ जेलाबा घालून गेले. मागच्या बाकांवर लल्ला झहूर, ते स्वतः आणि उन्हातून आत येऊन टेकलेला एक म्हातारा, एवढेच लोक. आठवडी बाजाराच्या जागेवरून बराच काथ्याकूट झाल्यावर कचरा आला. एका तरुण सदस्याने नीट मांडणी केली. कचऱ्यावर माती टाका, भोवती कुंपण घाला, राखणदार नेमा, आग बंद करा. जिलाली मान डोलावत होते.

मग उपाध्यक्ष उठले. म्हणाले, धुराचंच बोलायचं तर सगळ्या धुराचं बोलू. नदीकाठी आग लागते अधूनमधून. पण जुन्या मोहल्ल्यातल्या हमामाची भट्टी रोज पेटते. तिच्यात काय जातं? टायरचे तुकडे, फाटक्या चपला, प्लास्टिक. त्या धुराचं काय?

नगराध्यक्षांनी मागच्या बाकांकडे पाहिलं आणि ते हसले. "मालक हजरच आहेत. मंडळी, गावानं आधी आपापल्या भट्ट्या बघाव्यात, मग नगरपालिकेला जाब विचारावा. धुराचा विषय पुढच्या सभेत."

हात वर झाले. कचऱ्याचं घोंगडं तसंच भिजत पडलं.

जिलालींच्या कानशिलांना झळ लागल्यासारखं झालं. कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. लाकूड महागल्यापासून भट्टीवाला बा अल्लाल गॅरेजातून टायरचे तुकडे आणत होता. जिलालींना ते माहीत होतं, म्हणूनच ते भट्टीच्या बाजूला कधी फिरकत नसत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशातली गत.

जिन्यात नगराध्यक्षांनी त्यांना गाठलं. हात हातात घेतला, मुलींची, जावयांची चौकशी केली आणि मग आवाज खाली आणला. "आपण एकाच गावचे. तुम्ही कचऱ्याचं काढू नका, आम्ही तुमच्या धुराड्याकडे मान वर करून बघणार नाही. काय?"

जिलालींनी हात सोडवून घेतला नाही, आणि अर्ध्या वाटेपर्यंत तो सौदा त्यांना बरा वाटत राहिला. आपल्याला तो बरा वाटतोय हे लक्षात आलं तेव्हा ते वळले आणि तडक लल्ला झहूरच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं. मुद्दाम नेलंत मला, चारचौघांत फजिती करायला."

"ठाऊक कसं नसेल? तुमची काजळी इतकी वर्षं मीच पुसतेय माझ्या खिडक्यांवरून." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि पुदिन्याचा चहा ओतला. "तुम्हाला घरी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता. तिथे बोलायची परवानगी नव्हती, म्हणून ऐकलंत."

जिलालींनी मग नगराध्यक्षांच्या सौद्याचं सांगितलं.

"हेच बघा," त्या म्हणाल्या. "तुमचं एवढंसं धुराडं, पण त्याच्या आडोशाला अख्खा उकिरडा उभा आहे. बेकरीवाल्याला विचारायला जा, त्याचंही काहीतरी असेल. ज्याची त्याची एकेक खोडी यांच्याजवळ जमा आहे. म्हणून तर त्या बाकांवर कुणी येऊन बसत नाही आणि यांना कुणी काही विचारत नाही."

"मी भट्टी बदलली तर ते कचरा बंद करतील?"

"त्याची हमी मी कशी देऊ? पण तुम्ही बदलली नाहीत तर नक्की करणार नाहीत."

घरी शामाला काही नवल वाटलं नाही. हमामातून न्हाऊन निघालेल्या बायका दारातच पुन्हा काजळतात, हे तिने नवऱ्याला कितीदा सांगून झालं होतं. जिलालींनी बा अल्लालला बोलावून टायर बंद केले आणि तेलघाणीतला ऑलिव्हचा वाळका चोथा आणायला लावला. बा अल्लाल कुरकुरला. पाणी तापायला वेळ लागू लागला, प्रवेशाचा दर थोडा वाढवावा लागला आणि काही जुनी गिऱ्हाइकं बसस्थानकाजवळच्या दुसऱ्या हमामात जाऊ लागली. तो हिवाळा ओढगस्तीचा गेला. जिलाली चिडले, दोनदा बा अल्लालला गॅरेजात पाठवायच्या बेतातही आले. पाठवलं मात्र नाही.

इकडे शामाने आपल्या परीने कामाला सुरुवात केली होती. बायकांची पाठ घासता घासता ती सभेचा दिवस सांगे. अंगाला काळा साबण लागलेली बाई उठून जाणार कुठे? ऐकून घेई.

पुढची सभा फेब्रुवारीत भरली, त्या दिवशी हमामातली बायकांची बाजू दुपारपर्यंत बंद होती. सभागृहातली मागची बाकं मात्र भरली होती. जागा पुरेना, तेव्हा काही जणी जिन्यात बसल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. उपाध्यक्षांनी पुन्हा हमामाचं धुराडं काढलं. जिलालींच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण ते बाकाची कड घट्ट धरून बसून राहिले. उत्तर दिलं त्या तरुण सदस्याने.

"मी काल त्या भट्टीसमोर उभा होतो. आत ऑलिव्हचा चोथा जळतोय. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी आत्ता माझ्याबरोबर चला. हमाम जवळच आहे."

कुणी उठलं नाही. नगराध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, बाकांवरून एक नजर फिरवली आणि विषय मताला टाकला. कुंपण, माती, राखणदार, तिन्ही मंजूर!

म्हणून काय सगळं सुरळीत झालं? नाही. राखणदार उशिराने आला, कुंपण तीनच बाजूंनी झालं. आगी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. म्हणून मे महिन्यात जिलाली पुन्हा गेले. लल्ला झहूर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी फेसला गेल्या होत्या. त्या दिवशी कचरा पटलावर नव्हताच, रस्त्यावरचे दिवे आणि बसथांब्याची जागा असले विषय होते. जिलाली तरीही शेवटपर्यंत बसले. संध्याकाळी लल्लांचा फोन आला, तेव्हा त्यांनी कोण काय बोललं, कुणी हात वर केला आणि कोण पेंगत होतं, सगळं क्रमाने सांगितलं. चौथ्या बाजूच्या कुंपणाबद्दल त्या तरुण सदस्याला बाहेर गाठून विचारल्याचंही सांगितलं.

वाचकहो, गावाचा कारभार बंद दाराआड चालतो असं आपण म्हणतो. पुष्कळदा दार उघडंच असतं, आत जायला आपणच कचरतो, कारण आपल्याही घरात थोडा धूर असतो. तो आधी विझवावा आणि मग जाऊन बसावं. एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. आपला विषय नसेल त्या दिवशीसुद्धा.