बॉनेटवरचा साक्षीमणी

इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या कडेला, टाइल्सच्या गोदामाशेजारी, पत्र्याचं एक युनिट आहे. रविवारी सकाळी दहाला त्याचं शटर वर गेलं तेव्हा बाहेर चाळीसेक माणसं उभी होती. आत सहा जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या ओळीने लावलेल्या. चाकांखाली लिंबं, काचेवर कुंकवाचं बोट, आणि दारांच्या खालच्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झेंडूच्या माळा. अगरबत्ती आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास येत होता. लोकांनी बूट बाहेर काढले आणि गॅरेजच्या थंड सिमेंटवर मोज्यांनिशी उभे राहिले.

"इथे आपण गाडी घेत नाही, वहिनी," शैला माझ्या कानाशी म्हणाली. "गाडी आपल्याला घेते. बघालच."

शैला आमच्या बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळातली. तिनेच आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या मुलीला, दियाला, इथे आणलं होतं. मी नुसती मान हलवली. उदय, माझे यजमान, जाऊन अकरा आठवडे झाले होते. तेव्हापासून मला सगळं ऐकू येत होतं, पण ऐकलेलं आत कुठे पोचत नव्हतं. सकाळी उठून त्रिसरण-पंचशील म्हणत होते, दिवसाचे नेम पाळत होते, चहा घेत होते. चहा गरम आहे की गार, हे कप ठेवल्यावर कळायचं नाही.

उदयना आयुष्यभर एक गाडी घ्यायची होती. दोन माणसांची, कापडी छताची, सत्तरच्या दशकातली. निवृत्तीनंतर घेऊ म्हणून त्यांनी साडेसात हजार पाउंड बाजूला ठेवले होते. निवृत्तीला चौदा महिने उरले असताना ते गेले. दिया म्हणाली, आता ती गाडी मी घेणार, पप्पांसाठी. तिशीची मुलगी. दोन महिने तिने दुसरं काही केलं नाही. व्हिडिओ बघितले, याद्या केल्या. साडेसात हजारांत एकतर वरून चकचकीत आणि आतून सडलेली गाडी मिळते, नाहीतर दिसायला भिकार पण अंगाने धड, हे तिनेच मला समजावलं होतं. येताना तिच्या बॅगेत टॉर्च होता, गुडघ्याखाली घ्यायला रबरी चटई होती.

तेवढ्यात सारथीबाबा आले.

मूळ नाव बबन. साठीचे गृहस्थ, कुर्त्यावर ब्लेझर, गळ्यात दोरा. पूर्वी ते साध्या सेकंडहँड गाड्या विकायचे म्हणे. मग त्यांना गाड्यांचं मन ऐकू यायला लागलं.

"तुम्ही काय बघता? मायलेज. सर्व्हिस हिस्टरी," ते म्हणाले. आवाज चांगला होता, भजनाला बसणारा. "मी म्हणतो, हिस्टरी तर माझीही खराब आहे. मला कोणी परत केलं का?"

लोक हसले.

"ही बघा. बावन्न वर्षांची. सरकार हिच्याकडे दरवर्षीची तपासणी, ती एमओटी, मागत नाही, रोड टॅक्स मागत नाही. का मागत नाही? चाळिशी ओलांडली की वाहन सिद्ध होतं. मग त्याची परीक्षा घ्यायची नसते, दर्शन घ्यायचं असतं."

नारळ फुटला. मी दियाकडे पाहिलं. टॉर्च तिच्या हातात होता. तिने तो हळूच बॅगेत सरकवला. तिची चूक नव्हती. ज्या गाडीपुढे चाळीस माणसं हात जोडून उभी आहेत, जिला हार घातलाय, तिच्या पोटाखाली टॉर्च घेऊन शिरायचं कसं? घेण्याआधीच पूजा उरकलेली. इंग्रज गिऱ्हाईक असतं तर एव्हाना पाठीवर झोपून खाली सरकलं असतं. आम्ही माळेला पाय लागू नये म्हणून मागे सरकलो.

मग बाबांनी खिशातून साक्षीमणी काढला. लाल दोऱ्याला बांधलेला, सुपारीएवढा, पिवळाधमक.

"शुद्ध पितळ. आता मला सांगा, पितळ लोखंडाकडे ओढलं जातं का?"

"नाही," लोक म्हणाले.

"नाही. पण गाडी तुमची असेल तर हा मणी तिच्याकडे झेपावतो. नसेल तर लोंबकळत राहतो. मी मध्ये कोणी नाही."

पहिला नंबर प्रमोद नावाच्या एका आयटीवाल्याचा होता. त्याला लाल गाडी हवी होती, नऊ हजारांची. बाबांनी पुढच्या चाकाच्या वरच्या पत्र्याजवळ मणी धरला. मणी हलला नाही.

"नाही रे बाबा. ही तुझी नाही. मी विकणार नाही."

"पण मला आवडलीये," प्रमोद म्हणाला.

"तिला तू आवडला नाहीस. लग्न असंच मोडतं."

मग बाबा त्याला पलीकडच्या निळ्या गाडीकडे घेऊन गेले. तिच्या बॉनेटपाशी मणी नेला आणि तो टक्कन चिकटला. निळी साडेतेरा हजारांची होती.

"धंदेवाला असता तर हातचं गिऱ्हाईक नाही म्हणाला असता का?" मागून कोणीतरी म्हणालं. लोकांचा विश्वास बसला तो त्या नकारामुळेच.

दुसरा नंबर आमचा.

बाबा दियासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. "हिरवा रंग दिसतोय मला. तुझ्यासाठी नाही. तुझ्या मागे कोणी उभं आहे, त्यांच्यासाठी. वडील?"

दियाचा चेहरा पांढरा पडला. शैलाने तोंडावर हात ठेवला.

दियाने पंधरा दिवसांपूर्वी आमच्या किचनमध्ये बसून बाबांच्या गॅरेजचा बुकिंग फॉर्म भरला होता. मी शेजारी भाजी निवडत होते. फॉर्ममध्ये बजेट विचारलं होतं, आणि खाली एक चौकोन होता: ही गाडी कोणाच्या आठवणीत? दियाने लिहिलं होतं, माझे वडील, त्यांना हिरवी हवी होती. ती ते विसरली होती. मी विसरले नव्हते.

मी काही बोलले नाही.

हिरवी गाडी खरोखर देखणी होती. तारांची चाकं, क्रोमचे बंपर, ओला वाटावा असा रंग. किंमत सात हजार चारशे. बाबांनी मणी बॉनेटवर धरला आणि तो चिकटला.

"पप्पांनी हो म्हटलं," बाबा हळू आवाजात म्हणाले. "ते या गाडीत येऊन बसलेत, बेटा. आता त्यांना इथे सोडून जाऊ नकोस."

दिया रडायला लागली. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. दोन-तीन बायका डोळे पुसू लागल्या. मला काहीच झालं नाही. मी फक्त पाहत होते की दियाने पर्समधून कार्ड काढलंय आणि बाबांचं मशीन समोर आलंय.

"मी धरू का तो मणी?" मी विचारलं.

माझा आवाज मुळात लहान. दोनदा विचारावं लागलं.

"का नाही, माउली? तुमचा तर पहिला हक्क." त्यांनी दोरा माझ्या हातात दिला.

मी बावीस वर्षं एका शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. मणी हातात आल्याबरोबर कळलं, भरीव पितळेचं वजन हे नव्हे. मी बॉनेटवर धरला, चिकटला. ओढून काढला. मग दारापाशी खाली वाकले आणि झेंडूची माळ बाजूला केली.

"तिथे नको, ताई," बाबा म्हणाले. "ते गाडीचे पाय. पायाला मणी लावत नाहीत."

"पाया पडायचं तर पायाशीच जावं लागतं," मी म्हटलं.

दाराखालच्या लांब पट्टीला मी मणी टेकवला. तो लोंबकळत राहिला. वीतभर पुढे नेला. लोंबकळत राहिला. मागच्या चाकाजवळ एका जागी जेमतेम धरल्यासारखा झाला, मग पुन्हा सुटला. पलीकडच्या बाजूला गेले. तिकडेही तेच.

"म्हणजे हिचे पप्पा फक्त बॉनेटवर बसलेत?" प्रमोदने विचारलं. त्याचा निळ्या गाडीचा फॉर्म अजून अर्धाच भरून झाला होता.

"श्रद्धा नसेल तिथे मणी मौन धरतो," बाबा म्हणाले.

"लोखंड नसेल तिथेही धरतो," मी म्हटलं. मग ओढणीची सेफ्टी पिन काढून तळहातावर ठेवली आणि मणी वरून खाली आणला. पिन उडी मारून मण्याला चिकटली आणि तिथेच लटकून राहिली. "वर पितळेचा पत्रा आहे, आत लोहचुंबक. आमच्या सातवीच्या मुलांना आम्ही हेच दाखवायचो."

प्रमोद पुढे आला, माझ्या हातून दोरा घेतला आणि लाल गाडीकडे गेला. मघाशी जिने त्याला नाकारलं होतं तिच्या बॉनेटवर त्याने मणी धरला. टक्.

"हिने विचार बदललाय," तो म्हणाला.

आता दोघं-तिघं हसले, पण वेगळं.

मी बाकीचं सांगितलं. फार काही नव्हतं. चुंबक लोखंडी पत्र्याला चिकटतं, गंजलेलं भोक बुजवायच्या लांबीला, म्हणजे पुट्टीला, चिकटत नाही. वरून रंग दिला की डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. हो म्हणायचं असेल तर मणी पत्र्यावर धरायचा, नाही म्हणायचं असेल तर लांबीवर. कुठे काय आहे हे बाबांना पाठ, कारण भरलेलं त्यांनीच. आणि जिथे कोणी हात लावू नये तिथे झेंडू.

दियाने डोळे पुसले. चटई काढली, गाडीशेजारी टाकली आणि टॉर्च घेऊन खाली झोपली. बोटाने ठोकलं, बद्द आवाज आला. अंगठ्याने दाबलं तर बिस्किटाएवढा तुकडा निघून तिच्या हातात आला. आत पिवळा फोम होता, खिडकीच्या फटीत मारतात तसला.

"आई, इथे मेटलच नाहीये," ती खालून म्हणाली. "सगळा फोम आहे. दार उघडलं ना की हे पूर्ण वाकणार."

"यात काय आहे एवढं, फोमने काय होतं?" मागून एका बाईंनी विचारलं.

दिया उठून बसली. केसांत धूळ. "आंटी, या गाडीला वर पत्र्याचं छप्पर नाही. ह्या दोन पट्ट्यांवरच सगळी गाडी उभी असते. साइडने कोणी ठोकलं तर दुमडणार. आत माणसासकट." मग बाबांकडे वळली. "एमओटी लागत नाही याचा अर्थ सिद्ध आहे असा नाही. कोणीच बघितलेलं नाही, असा आहे."

बाबांनी मशीन खिशात घातलं. "ज्याची त्याची श्रद्धा," ते म्हणाले. "मी कोणाला जबरदस्ती केली का?" आणि सुपारीएवढा मणी परत मागितला. प्रमोदने दिला. पिन अजून त्याला लटकत होती.

सगळे निघून गेले असं झालं नाही. निम्मे गेले. बाकीचे थांबले, नंबर लागलेला होता म्हणून. शैला बाहेर येऊन बूट घालताना म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला, वहिनी? बाजूला घेऊन सांगायचं. मी तोंड कुठे दाखवू आता?" मी म्हटलं, ते सगळ्यांसमोर विकत होते, शैला. तिने दुसरा बूट चढवला. आपल्या गाडीने एकटीच गेली.

परत जाताना आमची गाडी दिया चालवत होती. मोटरवे लागल्यावर म्हणाली, "हिरव्या रंगाचं त्याला कसं कळलं?"

मी फॉर्मचं सांगितलं.

"तुला तेव्हाच आठवलं?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोलली?"

"तू रडत होतीस. मला वाटलं, तुला बरं वाटतंय."

"वाटत होतं," दिया म्हणाली. "दोन मिनिटं खरंच वाटलं, he's in there. मग तू मागितलास मणी."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने काढला नाही. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही.

मी श्रद्धाळू बाई आहे, हे मी लपवत नाही. रोज पंचशील घेते. त्यात खोटं बोलणार नाही असंही म्हणते. बावीस प्रतिज्ञा घरातल्या भिंतीवर आहेत. इतकं असून त्या सकाळी कार्ड मशीनपर्यंत पोचेस्तोवर मी गप्प बसले, कारण माझ्या मुलीला तिचे वडील दुसऱ्यांदा गेल्याचं मला सांगायचं नव्हतं. बाबांसारख्यांचं दुकान आमच्या गप्प बसण्यावर चालतं. त्यांच्या मण्यात काही नाही. दहा पेनींचं चुंबक आहे.

तुम्ही जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा घरातल्या फ्रिजवरचं एखादं चुंबक बरोबर न्या, मऊ फडक्यात गुंडाळून. दाराखाली टेकवा, चाकांच्या वरच्या कमानीला टेकवा. हार असेल तर उचला. देवाला राग येत नाही, विकणाऱ्याला येतो. गाडी रॅम्पवर चढवून दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर निघून या. पूजा करायची असेल तर खुशाल करा, पण गाडी घेतल्यावर.

आणि तुमच्या गेलेल्या माणसाचा होकार कोणी तुम्हाला आणून देत असेल, तर त्याला विचारा, त्याला ते माणूस कुठे भेटलं. मला अकरा आठवड्यांत कुठेच भेटलं नव्हतं, आणि मी त्याच्याबरोबर चौतीस वर्षं राहिले होते.