कधीतरी चहाला या

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या चर्चमागच्या सभागृहात दर गुरुवारी थ्वेटबाई बाहेरदेशांतून आलेल्या माणसांना इंग्रजी शिकवत. व्याकरण ती मंडळी कुठूनही शिकत होती. बाई शिकवत ते पुस्तकात नसलेलं: इंग्रज माणूस काय बोलतो आणि त्याला काय म्हणायचं असतं. हत्तीचे दात दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे, हे बाईंना जन्मापासून ठाऊक होतं, कारण त्या स्वतः त्याच कळपातल्या होत्या.

"'तब्येत कशी आहे?' विचारलं तर?"

"'तक्रार नाही,'" रेबीन म्हणाला. तो कुर्द, बाजारातल्या सलूनमध्ये केस कापायचा.

"आणि पाय मोडला असेल तर?"

"तरीपण 'तक्रार नाही.'"

"छान. 'तुमची कल्पना फारच धाडसी आहे'?"

"तुम्ही वेडे आहात!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"आणि 'यू मस्ट कम राउंड सम टाइम'? कधीतरी चहाला या?"

सेम्हारने हात वर केला. ती एरिट्रियाची, मासळीच्या कारखान्यात कामाला. "म्हणजे 'आता निघा,' टीचर."

वर्ग हसला, पण सेम्हारला हे फुकट कळलेलं नव्हतं. ग्रिम्सबीत आली तेव्हा शेजारणीने तिला असंच म्हटलं होतं, आणि ही दुसऱ्या दिवशी पोराबाळांसकट, घरी भाजलेला पाव घेऊन दारात हजर. शेजारीण उंबऱ्यातच उभी राहून हवापाण्यावर बोलत राहिली. सेम्हार रडत वर्गात आली होती. तेव्हापासून बाईंनी नियमच घालून दिला: दिवस आणि वेळ सांगितली तरच ते आमंत्रण, नाहीतर नुसतं वारं.

आता खुद्द बाईंची गोष्ट. त्यांचा नवरा केनेथ वारल्यापासून त्यांच्याकडे फोन वाजायचा तो कुणाला काही विकायचं असेल तरच. शनिवारी दुपारी चारला केनेथबरोबर चहा घ्यायची सवय होती, ती आता एकटीने चालू होती. समोरची खुर्ची बघून बाईंना कधीकधी असं वाटे की ती विकूनच टाकावी. शेवटी त्यांनी ठरवलं, सेम्हार आणि रेबीनला घरी बोलवायचं. आंघोळ करताना आठवडाभर त्यांनी त्या वाक्याची तालीम केली.

गुरुवारी वर्ग संपल्यावर ते दोघं खुर्च्या रचत होते. बाई पुसलेला फळा पुन्हा पुसत म्हणाल्या, "शनिवारी दुपारची मी घरीच असते, बहुतेक. त्या बाजूला आलात तर... या ना कधीतरी चहाला."

एका इंग्रज बाईने याहून जास्त काळीज उघडं करायचं तरी किती? त्यांचे कान लाल झाले होते.

"अय्या, किती छान! नक्की," सेम्हार म्हणाली.

"जरूर, टीचर," रेबीन म्हणाला.

शनिवारी बाईंनी लिंबाचा केक केला. हॅम डुकराचं, रेबीन खाणार नाही, म्हणून काकडीची सँडविच केली. पोटमाळ्यावरून तिसरी खुर्ची काढून पुसली. चार वाजले, साडेचार वाजले. मग पाऊस आला. "पावसामुळे अडकले असतील," बाई मोठ्याने म्हणाल्या, ऐकायला कुणी नसताना. त्यांना फार वाईट वाटलं. केक त्या पुढचे कितीतरी दिवस एकट्याच खात होत्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी विषय काढला. म्हणजे, त्यांच्या पद्धतीने काढला.

"शनिवारी पाऊस होता, नाही का?"

सेम्हारचा चेहरा फुलला. "टीचर, परीक्षा घेतलीत ना आमची? मी लगेच ओळखलं! हा रेबीन तर कपडे करून निघाला होता. वेड्याने फुलंसुद्धा आणली होती. मी म्हटलं, अरे शहाण्या, 'शनिवारी या' असं म्हणाल्या का त्या? 'बहुतेक' म्हणाल्या, 'कधीतरी' म्हणाल्या. मग 'किती छान' म्हणायचं आणि गप घरी बसायचं!"

"फुलं सलूनमध्ये ठेवली," रेबीन ओशाळून म्हणाला. "पास ना, टीचर?"

'मी वाट बघत होते,' एवढंच बाईंना सांगायचं होतं. 

"पैकीच्या पैकी," बाई म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

वर्ग सुटल्यावर सेम्हार जवळ आली. "टीचर, रविवारी दुपारी एक वाजता आमच्याकडे जेवायला या. नंतर कॉफी पण करणार आहे, सावकाश, आमच्याकडे करतात तशी."

दिवस होता, वेळ होती, नियमात कुठे खोट नव्हती. आणि बाईंच्या तोंडून सत्तर वर्षांची सवय बोलून गेली: "अगं, किती छान! बघते हं, जमलं तर."

'जमलं तर' म्हणजे 'येणार नाही', हे त्यांनी गेल्याच महिन्यात वर्गाकडून घोकून घेतलं होतं.  सेम्हार शहाण्या विद्यार्थिनीसारखी हसली.

"कळलं, टीचर," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून निघाली.

बाईंनी दिवे मालवले आणि परत लावले. स्वतःचा त्यांना असा राग कधी आला नव्हता. कोट खुंटीलाच ठेवून त्या तशाच बाहेर धावल्या. बस आलेली होती, सेम्हारचा एक पाय पायरीवर होता.

"मी येणार आहे!" बाई ओरडल्या. "रविवारी, एक वाजता. मला यायचंय!"

रांगेतली माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. सेम्हारने बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"टीचर," तिने जपून विचारलं, "याचा अर्थ काय?"

बाईंच्या तोंडात आधी आलं, 'वारा किती सुटलाय.' ते त्यांनी गिळलं.

"येणार, एवढाच."

"म्हणजे स्वयंपाक करू?"

"कर गं. आणि शनिवारी... परीक्षा नव्हती ती. केक केला होता मी. खूप वाट बघितली तुमची."

चालकाने हॉर्न वाजवला. सेम्हारने पायरीवरचा पाय खाली घेतला आणि बस जाऊ दिली.